बाईची वजरी

गुरुवार, ३० ऑक्टोबर

नागपूरहून पुण्याला जायचं तर आता लोक रात्रीच्या एसी बसनं जातात. मी मुद्दाम महाराष्ट्र एक्सप्रेसचं तिकीट काढलं. गोंदियाहून निघून कोल्हापूरला जाणारी ही गाडी वाटेत कुठल्याच स्टेशनाला नाराज करत नाही. नवरा म्हणाला, "एवढ्या वेळात दुबईला जाऊन येशील." पण ही गाडी मनमाडला वळून कोपरगाव, बेलापूर, नगर, दौंड अशी जाते, आणि मला बेलापूर हवं होतं. स्टेशनचं नाव बेलापूर आणि गाव श्रीरामपूर. नवखा माणूस इथं हमखास फसतो. आमच्या बाईचं माहेर इथून जवळ, हरेगावच्या अंगाला.

बाई म्हणजे माझी आजी, वडिलांची आई. सगळं घर तिला बाईच म्हणायचं, आबा, म्हणजे माझे आजोबासुद्धा. गेल्या वर्षी ३ नोव्हेंबरला ती गेली, शहाऐंशी वर्षांची होऊन. मी मातीला पोचले नाही. आदल्या रात्री आत्याचा फोन आला होता, "निघ." याआधी दोनदा असाच फोन आला होता आणि दोन्ही वेळा बाई उठून बसली होती, एकदा तर मी पोचेपर्यंत तिनं माझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी कुटून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी ऑफिसात ऑडिट होतं. तेवढं उरकून निघू, म्हटलं. ते उरकलं तेव्हा इकडेही सगळं उरकलं होतं.

आता वर्षाचा मिस्सा, म्हणजे तिच्या नावानं चर्चमधली उपासना. आणि रविवारी २ नोव्हेंबर, मृतांचा दिवस. दोन्ही एकदमच.

बेलापूर आलं तेव्हा डब्यात सगळे गाढ झोपले होते. लहानपणी आम्ही बाईबरोबर या गाडीनं जायचो तेव्हा ती आम्हाला इथं गदागदा हलवून उठवायची. दारात उभी राहायची, कपाळ-छाती-खांद्यांवर क्रूसाची खूण करायची आणि म्हणायची, "आलं बरं का आमचं टेशन." तिचा बाप हरेगावला बेलापूर कंपनीच्या उसात राबायचा. १९४९ साली हरेगावात मतमाउलीची, म्हणजे मरियामातेची, यात्रा सुरू झाली तेव्हा बाई अकरा वर्षांची होती. आईचा पदर धरून ती पहिल्या यात्रेला चालत गेली. नंतर सप्टेंबरातली ती यात्रा एवढी वाढली की ख्रिस्ती किती आणि हिंदू किती हे कुणी विचारेनासं झालं. नवस बोलायला, फेडायला सगळेच येतात. बाईला मात्र पहिल्या यात्रेतलं एकच आठवायचं. येताना तिच्या पायात बाभळीचा काटा मोडला, आणि गोऱ्या स्विस फादरनी तिला खाली बसवून तो काढला. "परदेशातला माणूस, आन् माझा पाय मांडीवर घेतला," हे सांगताना ऐंशीव्या वर्षीही तिचा आवाज हलका व्हायचा.

मी दारात उभी राहिले. फलाटावर एक चहावाला आणि दोन कुत्री. गाडी सुटली.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

पुणं पहाटे आलं. रिक्षावाल्यानं नाना पेठेचं नाव ऐकून मीटरकडे न बघताच आकडा सांगितला. मी मीटरकडे बोट दाखवलं. त्यानं माझ्या बॅगेकडे बघितलं. मग दोघांनी मधला आकडा धरला.

बाई १९५७ साली लग्न होऊन ज्या वाड्यात आली तो आता नाही. तिथं पाच मजली इमारत आहे, खाली गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं. सकाळी शटर वर गेली की अख्ख्या गल्लीला ग्रीसचा वास येतो. आत्या तिसऱ्या मजल्यावर राहते. तिनं दार उघडलं, मला जवळ घेतलं आणि पहिलं वाक्य म्हणाली, "पाय धुऊन ये."

मोरीत वजरी दिसली, पाय घासायची. पितळेची, खालून खडबडीत, वर मोराची मूठ, हलवली की आतल्या गोळ्या खुळखुळतात. बाईची वजरी. पितळ काळं पडलंय, मोराची चोच झिजून गेली आहे. मी ती हातात घेऊन बराच वेळ मोरीतच बसले. शेवटी आत्यानं बाहेरून विचारलं, "झोपलीस का?"

या वजरीची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे, पण ती आधी सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी चर्चमध्ये फादर बारा जणांचे पाय धुतात. येशूनं शेवटच्या भोजनावेळी शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण. हे बारा जण कायम पुरुषच असायचे, नियमच तसा होता. २०१६च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी नियम बदलला आणि बायकांनाही त्यात बसता येऊ लागलं. त्या वर्षी बारा जणांत बाईचं नाव आलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई हादरली. मान मिळाला म्हणून नाही, पायांच्या भेगा सगळ्यांना दिसतील म्हणून. तीन दिवस ती मोरीत बसून वजरीनं टाचा घासत होती. आत्या ओरडली, "रक्त येईल अगं!" तर म्हणाली, "फादरच्या हाताला काटं टोचत्याल."

गुरुवारी आम्ही सगळे मागच्या बाकावर. फादर गुडघे टेकून तिच्यासमोर बसले, तांब्यानं पाणी ओतलं, टॉवेलनं पुसलं. बाईनं डोळे घट्ट मिटून घेतले होते. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "पाणी लई गार व्हतं."

चहा झाल्यावर आत्यानं स्वतःच विषय काढला. "तू लिहिणार असशील तर हेही लिही. माझ्या दहावीच्या पेपराच्या दिवशी ती ससूनमध्ये होती. कुणाच्या तरी बाळंतपणाला. कुणाच्या, हे तिलाही नीट माहीत नव्हतं."

लिहिते आहे. बाईनं जगाला जेवढं दिलं तेवढं घराला दिलं का, हा प्रश्न आमच्या घरात तिच्या हयातीतही होता. माझं मत विचाराल तर आत्याचं खरं आहे. पण माझ्या वाट्याला आलेली बाई आजी होती, आणि आजीकडून माणूस फार मोजून घेत नाही.

अकराच्या सुमाराला सिटी चर्चमध्ये गेले. पुण्यातलं हे सगळ्यात जुनं कॅथलिक चर्च. १७९२ साली सवाई माधवराव पेशव्यांनी आपल्या फौजेतल्या ख्रिस्ती शिपायांना चर्च बांधायला ही जागा दिली. ही हकिकत बाई येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सांगायची, आणि तिचा खरा उपयोग ती आषाढात करायची. ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेतल्या पालखी विठोबाच्या देवळात उतरते, तुकोबांची आमच्याच नाना पेठेत, निवडुंग्या विठोबाला. दोन रात्री सगळ्या पेठेत पाय ठेवायला जागा नसते. बाई दारात घमेलं मांडायची. ऊन पाणी, थोडं मीठ, शेजारी खोबरेल तेलाची वाटी आणि ही वजरी. वारकरी बायका ओट्यावर बसायच्या आणि बाई त्यांचे पाय धुऊन तेल लावायची. कुणी तरी एकदा विचारलं, "तुम्ही तर ख्रिश्चन ना?" बाईनं विचारणाऱ्याकडे न बघता सांगितलं, "पेशव्यानं आमाला देवळाला जागा दिली. मी काय पाणीसुदिक देऊ नको?" पेशव्यांचा आणि वारीचा इथं संबंध काय, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

चर्च रिकामं होतं. मी मिस्साला जाणारी बाई नाही, कॉलेजनंतर सुटलंच ते. तरी बाईच्या बाकाजवळ गेले. खांबापासूनचं दुसरं बाक, कडेची जागा. कडेची का, तर मधेच उठून जाता येतं.

तिथून ससूनपर्यंत चालले. क्वार्टर गेट, रास्ता पेठ, सोमवार पेठ, पुढे ससून. बाई दर गुरुवारी या वाटेनं जायची, हातात पितळी डबा, डब्यात रव्याची पातळ पेज. खेड्यातून आलेल्या, सोबत कुणी नसलेल्या बाळंतिणी तिला वॉर्डात बरोबर सापडायच्या. रिक्षा करायची नाही. "रिक्षाच्या पैशात दोन पेजा व्हत्यात." मला अर्ध्या तासाच्या वर लागला, आणि माझ्या हातात डबा नव्हता. ससूनच्या जुन्या दगडी इमारतीसमोर झाडाखाली नातेवाईक सतरंज्या टाकून बसले होते, एक बाई पोळीला लोणचं लावून पोराच्या हातात देत होती. मी थोडा वेळ उभी राहिले आणि परत फिरले. आत जाऊन मी करणार काय होते?

संध्याकाळी जपमाळ. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना, आणि आज त्याचा शेवटचा दिवस. आत्याच्या हॉलमध्ये मरियामातेची मूर्ती, भोवती शेवंती, आणि वीसेक माणसं, चपलांचा ढीग जिन्यापर्यंत. शुक्रवार, म्हणून दुःखाची रहस्ये, म्हणजे येशूच्या दुःखाचे पाच प्रसंग. "नमो मरिया, कृपापूर्णे..." पन्नास वेळा. तिसऱ्या दशकाला, म्हणजे दहाच्या तिसऱ्या फेरीला, माझं मन भरकटलं आणि बाईचं भांडण आठवलं. पूर्वी जपमाळेची रहस्ये पंधरा होती. २००२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी प्रकाशाची पाच वाढवली, ती गुरुवारी म्हणायची. बाईला हे पटलंच नाही. "पंधराची ईस कशी झाली? इतके दिस काय देवाला मोजता येत नव्हतं?" गंमत म्हणजे याच पोपना बघायला १९८६च्या फेब्रुवारीत, ते पुण्यात आले तेव्हा, ती पहाटे तीनला उठून गेली होती आणि गर्दीत दिसलेल्या पांढऱ्या टोपीवर पुढची सगळी वर्षं बोलत होती. तरी गुरुवारी ती जुनीच रहस्ये म्हणायची, मनातल्या मनात, सगळ्यांच्या आवाजाखाली लपवून.

बदल तिनं एकच आनंदानं घेतला. तिच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये व्हायचा. अर्थ कुणालाच कळायचा नाही, पण पाठ सगळ्यांना. 'ओरा प्रो नोबिस' म्हणजे 'आमच्यासाठी प्रार्थना कर', नगरी जिभेवर त्याचं 'वरापो नोबीस' झालं होतं. साठच्या दशकातल्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत आला. बाई म्हणायची, "तवा कळलं, आपण इतके दिस काय मागत व्हतो."

शनिवार, १ नोव्हेंबर

सर्व संतांचा सण. आत्या सकाळी मिस्साला गेली, मी झोपले.

दुपारी कॅम्पात. शिवाजी मार्केटात आत्याला सुके बोंबील घ्यायचे होते. ते घेतले. श्रूजबेरी घ्यायला ईस्ट स्ट्रीटवर कयानी बेकरीत गेलो तर दुपारचं बंद. नागपूरला राहून पुण्याच्या दुपारची सवय मोडली आहे माझी. एवढंच कॅम्प.

संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या. वाड्यातल्या जुन्या शेजारीण, आता याच इमारतीत चौथ्या मजल्यावर. पानशेतचा विषय त्यांनीच काढला. १२ जुलै १९६१. धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही गेलं, आणि नदीकाठच्या पेठांत पाणी घुसलं. नाना पेठ उंचावर, ती वाचली. बाई तेवीस वर्षांची, कडेवर माझे वडील. वाड्यातल्या सगळ्या चुली एकदम पेटल्या, काकूंच्या सासूबाई आणि बाई एकाच परातीत पीठ मळत होत्या. "आमच्या सासूबाई सोवळ्यातल्या," काकू म्हणाल्या. "तुझ्या आजीच्या हातचं पाणी त्या कधी घेत नव्हत्या. त्या दिवशी परातीत चार हात होते, कुणी मोजले नाहीत." आबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. त्यांनी आणि वाड्यातल्या पोरांनी भाकऱ्यांची गाठोडी सायकलवर बांधून शनवारात, नारायण पेठेत नेली.

"मग नंतर?" मी विचारलं.

"नंतर काय. पाणी ओसरलं, आणि सासूबाईंचं सोवळं परत आलं." काकू हसल्या. "पण पूर्वीइतकं कडक नाही हो."

मला हे आवडलं. अशा गोष्टींत शेवटी सगळे एक होतात असं सांगायची पद्धत आहे. काकूंनी तसं काही केलं नाही.

रविवार, २ नोव्हेंबर

सकाळी मराठी मिस्सा, बाईच्या नावानं. फादर बाहेरच्या धर्मग्रामातून, म्हणजे दुसऱ्या चर्चहून, खास आले होते. पांढरे केस, वाकलेली पाठ, मूळचे तमिळनाडूचे. मी त्यांना ओळखत नव्हते. प्रवचनाला उभे राहिले आणि पहिल्याच वाक्याला मी दचकले.

"बाई लई हट्टी व्हती."

चर्चमध्ये हशा पिकला. मग त्यांनी सांगितलं. रामवाडीच्या पेपल सेमिनरीत, म्हणजे फादर व्हायचं शिक्षण मिळतं तिथं, ते पंचविशीच्या आत आले, मराठीचा एक शब्द येत नव्हता. हे सेमिनरी १९५५ साली श्रीलंकेतल्या कँडीहून पुण्यात आलं, आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून ब्रदर इथं शिकायला येतात. त्यांना रविवारी वस्त्यांमधून फिरावं लागतं, लोकांशी बोलावं लागतं. असे तीन-चार ब्रदर बाईच्या ओट्यावर येऊन बसायचे. बाई मराठी शिकवायची, म्हणजे त्यांच्याकडून भाकरीचं पीठ मळून घ्यायची आणि सांगायची, "मळ म्हण. थाप म्हण. आता फुगली म्हण." फादर म्हणाले, "पुस्तकातलं मराठी मी नंतर शिकलो. पण पहिलं शिकलेलं जात नाही. बिशपसुद्धा मला विचारतात, तू नगरचा का?"

मी तोपर्यंत अगदी कोरडी बसले होते. वर्षभर रडले नव्हते. पण त्या तमिळ माणसाच्या तोंडून 'व्हती', 'मपलं', 'कायला' ऐकताना मला काही सुधरेना. आत्यानं रुमाल दिला, तिचाच भिजलेला.

मिस्सा संपल्यावर मी त्यांना भेटले. नाव सांगितलं, नागपूरला असते म्हटलं. मातीला येऊ शकले नाही, हेही सांगून टाकलं, का कोण जाणे. वाटलं, काही तरी समजुतीचं बोलतील. ते म्हणाले, "मी पण नव्हतो. गुडघ्याचं ऑपरेशन व्हतं." आणि पुढच्या माणसाकडे वळले.

दुपारनंतर दफनभूमीत. सोलापूर रस्त्यावर फुलवाल्यांची रांग फाटकाच्या आधीच सुरू होते. झेंडू, शेवंती, मेणबत्त्यांची पाकिटं. आतमध्ये अख्खं गाव उलटलेलं. कुणी कबरीवरचं गवत उपटतंय, कुणी क्रूसाला चुना लावतंय, पोरं कबरींच्या मधून पळतायत, एक आजोबा घडीच्या खुर्चीवर बसून बायकोच्या कबरीशेजारी पेपर वाचतायत. कोकणी, तमिळ, इंग्रजी, मराठी, सगळ्या भाषांत एकाच वेळी कुणी तरी कुणाला हाका मारतंय. नागपूरच्या माझ्या सासरी पितृपक्षात घर गप्प होतं. इथं मेलेल्यांच्या दिवशी जत्रेसारखं वाटतं, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही.

बाईला आबांच्याच कबरीत ठेवलं आहे. काकू आमच्याबरोबर आल्या होत्या, हातात स्वतः ओवलेला झेंडूचा हार. कार्तिकी एकादशी होती, त्यांचा निर्जळी उपवास. आत्या म्हणाली, "काकू, तुम्ही सावलीत बसा." काकू बसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून तांब्या काढला, पाणी आणून कबरीचा दगड धुतला, पायथ्याकडून डोक्याकडे, हातानं घासून. मी पुढं झाले तर म्हणाल्या, "राहू दे, मला करू दे." दगडाच्या कोपऱ्यात शेवाळ धरलं होतं, ते निघेना. आत्या पुटपुटली, "वजरी आणायला हवी होती."

मग दोघी हसायला लागल्या. शेजारच्या कबरीवरचे लोक बघायला लागले, तरी त्या थांबेनात.

अंधार पडायला लागला तशा मेणबत्त्या लागल्या. फादर ओळींमधून पवित्र पाणी शिंपडत गेले. "हे प्रभू, त्यांना चिरशांती दे." वारा होता, आमच्या चार मेणबत्त्यांपैकी दोनच टिकल्या. घरी आल्यावर आत्यानं बाजरीची भाकरी आणि वांग्याचं भरीत केलं. काकूंचा उपवास दुसऱ्या दिवशी सुटणार होता, त्यामुळे त्या आम्हाला जेवताना बघत बसल्या.

सोमवार, ३ नोव्हेंबर

बाईच्या तारखेचा खरा दिवस आज. दिवसभर काहीच झालं नाही. आत्या बँकेत गेली, मी कपाट आवरायला घेतलं आणि सोडून दिलं. बाईच्या तीन साड्या, एक काळी जपमाळ, ससूनचा डबा. आत्या म्हणाली, काय हवं ते ने. मी वजरी मागितली. आत्या बराच वेळ गप्प होती.

"ती नको. ती मी वापरते."

डबा घेतला.

रात्री स्टेशनवर आत्या सोडायला आली. दहावीच्या पेपराचा विषय तिनं पुन्हा काढला. मराठीचा पेपर होता, म्हणाली. निबंधाचा विषय होता 'माझी आई'. "काय लिहिलंस?" मी विचारलं. "सोडला तो. दुसरा लिहिला, पावसाळ्यावर."

गाडी सुटली. बेलापूरला जागं राहायचं असं ठरवलं होतं, मोबाईलवर गजरही लावला होता. बॅग डोक्याखाली घेतली, डब्याचं झाकण गाडीच्या प्रत्येक धक्क्याला वाजत होतं, म्हणून त्यात रुमाल कोंबला. जाग आली तेव्हा खिडकीत उजाडलं होतं. समोरच्या बाकावरच्या काकांना विचारलं, कुठं आलो.

"मनमाड कधीच गेलं," ते म्हणाले. "गजर लई वाजत व्हता तुमचा. मीच बंद केला."